मोती रंगाची गन आणि काळी काच

रोह्याच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवतो. इतकी वर्षं शिकवतोय, तरी मी प्रयोगशाळेत शिरलो की आमचा शिपाई आधी मेन स्विचपाशी जाऊन उभा राहतो. त्याला मी दोष देत नाही. चालू हॉटप्लेट ओल्या फडक्याने पुसताना त्याने मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यानंतर मला उचलून बाकावर झोपवलंही त्यानेच.

अशा माझ्याकडे एक विद्यार्थिनी एम.एस्सी.चा प्रकल्प करायला आली. बाकीच्या प्राध्यापकांकडच्या जागा भरल्या होत्या, म्हणून माझ्या वाट्याला आली असं म्हणा. रोह्याच्या खालच्या अंगाला, कुंडलिका नदीच्या काठी आदिवासी वाडी आहे, तिथली. आई-बाप मजुरीला जाणारे. वाडीतून इथवर पोचलेली ती पहिलीच, आणि बोलायला चांगली फटकळ. पहिल्याच दिवशी म्हणाली, "सर, तुमच्याबद्दल ऐकलंय मी."

"काय ऐकलंस?"

"ते जाऊ दे. मला सोलर सेल करायचा हाय."

तिचं काय पणाला लागलं होतं ते आधीच सांगून टाकतो. एका मोठ्या संशोधन संस्थेने तिला मुलाखतीला बोलावलं होतं, आणि अट घातली होती की येताना स्वतः केलेला नमुना आणायचा. नमुना उन्हात चालला तर तिथे जागा मिळण्याची आशा. नाही चालला, तर पुढच्या महिन्यापासून कंपनीत पॅकिंगच्या शिफ्टला जायचं, असं तिच्या बापाने कंत्राटदाराला कबूल करून ठेवलेलं. बाप वाईट नव्हता. हातातलं सोडून पळत्यामागे किती दिवस धावणार, एवढंच त्याचं म्हणणं.

मी म्हटलं, मग सोपा रस्ता धरू. कॅडमियम वापरू. कॅडमियमचा पातळ थर काचेवर असा शहाण्या मुलासारखा बसतो, सुंदर पिवळा, की माझ्यासारख्याच्या हातूनही बिघडत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भांडी धुतलेलं पाणी कुठं जातं सर?"

"बेसिनमध्ये."

"आणि बेसिनातलं?"

"गटारात."

"आणि गटार?"

मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो. गटार कुठे जातं ते रोह्यात कोणालाही ठाऊक आहे.

"माझी आई त्याच पाण्यात खेकडी धरते," ती म्हणाली. "दुसरं काय हाय ते सांगा."

दुसरं होतं, पण अवघड होतं. तांबं, जस्त, कथील आणि गंधक, असा चौघांचा मेळ. कॅडमियमसारखा विषारी नाही, महाग नाही, कुठल्या दूरदेशीच्या खाणीतून हुंगत हुंगत शोधून आणायला नको. फक्त चौघांचं प्रमाण जमलं पाहिजे, नाहीतर सेलऐवजी नुसती काजळी मिळते. हे तिला समजावून देण्यासाठी मी घरून बायकोचा पितळी टोप पिशवीत घालून कॉलेजात नेला. वर्गासमोर टोप उंच धरून म्हटलं, "बघा! पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आतली कल्हई म्हणजे कथील. सूर्याची वीज करायला जे लागतं त्यातलं तीन चतुर्थांश तुमच्या आयांच्या स्वयंपाकघरात पडलेलं आहे!"

हे बोलताना माझ्याच अंगावर काटा आला होता. ज्या टोपात आपण आमटी उकळतो त्याच धातूंना ऊन दाखवलं की वीज! मी टोपाकडे बघतच राहिलो.

"आमच्याकडं पितळ नाय सर," ती मागून म्हणाली. "सगळी जर्मनची भांडी."

वर्ग हसला. ॲल्युमिनियमच्या भांड्यापुढे माझं भाषण तिथेच संपलं.

पण तीच पुढे म्हणाली, "तांबं मात्र हाय. वायरमननं टाकलेली तार. आणि घराचा पत्रा, त्याच्यावर जस्तच असतं ना? कथील म्हणाल तर बाबांच्या मोडक्या रेडिओत तारा डाखल्यात, त्यातलं. म्हणजे आमच्याकडं पण तीन झाले की."

झोपडीचा पत्रा आणि मोडका रेडिओ मी आजवर तसा पाहिलाच नव्हता. संध्याकाळी टोप घरी नेला तर बायको दारातच उभी. "आमटी काय डोक्यावर करू? माझा टोप काय कॉलेजात शिकायला गेला होता?"

तर, कृती अशी. चारही पदार्थांची संयुगं पाण्यात विरघळवायची आणि ते पाणी अगदी बारीक तुषार करून तापलेल्या काचेवर उडवायचं. पाणी उडून जातं, थर मागे राहतो, केसाहूनही कितीतरी पातळ. काच साधी चालत नाही, वीज वाहून नेणारी लागते. तिचे आमच्याकडे मोजके तुकडे होते. आणि तुषार उडवायचं काचेचं यंत्र होतं, ते मी धुताना फोडलं. शिपाई म्हणाला, "मी काय बोललो काय?"

तेव्हा मला सासुरवाडी आठवली. बायकोचे थोरले भाऊ, आमचे दादा, पेणला गणपती करतात. त्यांच्या कारखान्यात रंगाच्या स्प्रे गन असतात, आणि त्यांनी मारलेला अंगरंग असा बसतो की मूर्तीला जन्मतःच कांती असावी. एका रविवारी मी एस.टी.ने नागोठण्यावरून पेणला गेलो.

तिथली एक रीत आहे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी चालू असली की कारखान्यात कोणी बोलत नाही. कंप्रेसर बंद, मोबाइल बंद, चहावालासुद्धा उंबऱ्याबाहेर थांबतो. मी पोचलो तेव्हा दादा नेमके मोठ्या मूर्तीसमोर मांडी घालून बसलेले, बारीक कुंचला बुबुळावर टेकलेला. मी खुणेनेच विचारलं, गन नेऊ का एक? त्यांनी हनुवटीने भिंतीकडे दाखवलं. भिंतीवर खिळ्यांना ओळीने गन टांगलेल्या. त्यातली सर्वांत लखलखीत, स्वच्छ दिसणारी मी काढली. दादांनी जोरात मान हलवली. मी समजलो, ते म्हणतायत, राहू दे, आभार कसले मानताय, घरचंच आहे. मीही छातीवर हात ठेवून मान लववली. त्यांनी अजून जोरात मान हलवली. एवढा मोकळा माणूस! माझं मन भरून आलं. चहा न घेताच मी निघालो, त्यांच्या कामात व्यत्यय नको म्हणून.

कॉलेजात गन नळाखाली धुतली. पदार्थविज्ञानाच्या माणसाला धुणं काय शिकवायचं! काच तापवली, फवारा मारला, आणि काच थंड झाल्यावर आम्ही दोघं तिच्याकडे बघतच राहिलो. काळ्यावर गुलाबी, गुलाबीवर निळसर, जरा कलती केली की चांदीसारखी झळाळी. मी आनंदाने ओरडलोच. "अगं, हे व्यतिकरणाचे रंग! ओल्या डांबरावर तेल सांडलं की दिसतात ना, तेच! थर इतका समतल आहे की प्रकाश त्याच्यावर खेळतोय!" तिनेही फोटो काढून मोबाइलवर स्टेटसला टाकला आणि सगळ्या वाडीने तो पाहिला. मी काच घेऊन प्राचार्यांकडे धावलो. त्यांनी बोट फिरवून पाहिली, मग मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वा." स्टाफरूममध्ये सगळ्यांनी हाताळली. भूगोलाच्या बाईंनी विचारलं, आता आपल्याला बक्षीस वगैरे मिळेल का? मी नम्रपणे म्हटलं, बघू. त्या भरात आणखी काचांवरही तोच फवारा मारून टाकला.

घरी आलो तर बायको माझ्या तोंडाकडे निरखून बघायला लागली. "पेणला गेला होतात की गणपतीच्या मांडीवर बसून आलात?"

"का?"

"गालावर मोती रंग आहे. मुकुटाला मारतात तो. थांबा, कपाळावर पण आहे."

मी म्हटलं, तो शास्त्राचा परिणाम आहे. ती म्हणाली, "मी पेणची आहे. मोती रंग मला कळतो." आणि कोथिंबीर निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात शिरलो तर प्राचार्यांच्या मिशा उन्हात लुकलुकत होत्या. भूगोलाच्या बाईंची पर्स लुकलुकत होती. आणि प्रयोगशाळेत माझी विद्यार्थिनी एका कपात मिठाचं पाणी करून, त्यात ती झळझळीत काच आणि समोर पेन्सिलीचं शिसं बुडवून, वीज मोजायच्या, काट्याच्या जुन्या गॅल्व्हानोमीटरसमोर बसली होती. खिडकीतून भरपूर ऊन आत येत होतं. काटा शून्यावर मेल्यासारखा पडलेला.

तिने काचेवर बोट घासलं. चमक बोटावर आली.

"सर," ती म्हणाली, "हे नुसतं चमकतंय."

मी दादांना फोन लावला.

"भावोजी, मी मान हलवत होतो ती काय तुमची आरती ओवाळायला?"

"मला वाटलं, तुम्ही म्हणताय आभार कसले..."

"मोत्याची गन हाय ती! देवाच्या मुकुटाची! पाण्यानं धुतलीत ना? अहो, तो अभ्रकाचा रंग, थिनरशिवाय जायचा नाय!"

"मग एक शब्द बोलायचा होता."

"बोलू कसा? बुबुळावर कुंचला टेकलेला. बोललो असतो तर देवाचा एक डोळा भक्तावर आणि दुसरा पेण बाजारात राहिला असता, वर्षभर!"

फोन ठेवल्यावर ती काय म्हणते याची मी वाट बघत होतो. ती गनची तोटी नखाने खरवडायला लागली. परवा सकाळी तिची मुलाखत. कोऱ्या काचेचे दोनच तुकडे उरलेले, बाकीच्यांना मी मुकुट चढवून ठेवले होते. वाडीत फोटो फिरलेला. तिची आई शेजारणीला म्हणालेली, "बघ गो, माझ्या पोरीनं काय केलंय."

"थिनर कुठं मिळंल?" तिने विचारलं.

आम्ही गन पार सुटी केली. सुई, नळी, टोपण, सगळं थिनरमध्ये भिजत घातलं. धुतलं, परत जोडलं, पाणी भरलं. पण रंग गेला की नाही, कळणार कसं? मी माझी काळी छत्री उघडून उन्हात धरली आणि तिने छत्रीवर पाणी फवारलं.

छत्रीभर चांदण्या पडल्या. दिवसाढवळ्या, कॉलेजच्या व्हरांड्यात, काळ्या कापडावर आकाश उतरलं. मी हरखून बघत उभा राहिलो. ती म्हणाली, "बघत काय बसलाय सर, धुवा." आम्ही पुन्हा धुतली, पुन्हा फवारलं. चांदण्या कमी झाल्या. पुन्हा धुतली. असं करत करत शेवटी छत्रीच्या नव्या कोपऱ्यावर नुसतं काळं ओलं कापड दिसलं, एकही ठिपका नाही, तेव्हा कुठे आम्ही हॉटप्लेट लावली.

पहिला तुकडा तिने घेतला. हात स्थिर होता, पण घाई झाली. गन जवळ नेली, गार फवाऱ्याचा झोत तापल्या काचेवर पडला आणि टच्च असा आवाज आला. काच मधोमध तडकली. तिने गन खाली ठेवली आणि व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसली. मी शेजारी जाऊन बसलो. तडकवण्यातला माझा अनुभव मोठा, पण तो तिच्या काय कामाचा!

ती म्हणाली, "माझ्याकडनं घाई होतेय. तुम्ही मारा सर."

"मी?"

"दुसरं कोण हाय इथं?"

दारात उभा असलेला शिपाई न सांगता मेन स्विचकडे गेला.

मी डाव्या हातात गन धरली, मी डावखुरा आहे. श्वास रोखला. तो शेवटचा तुकडा बघताना मला दादा दिसले, बुबुळासमोर बसलेले, आणि त्यांच्या कारखान्यात एवढी शांतता का लागते ते पहिल्यांदा कळलं. लांबून, थोडं थोडं. एक फवारा, मग थांबायचं, काचेला पुन्हा तापू द्यायचं. परत एक. मध्येच तिने विचारलं, "बरं चाललंय ना सर?" मी जोरात मान हलवली. मला म्हणायचं होतं, आत्ता बोलू नकोस. ती समजली, गेलं, हाही तुकडा गेला. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला काही सांगता येईना, तोंड उघडलं तर हात हलेल. दादांचं त्या रविवारी काय झालं असेल, ते मला तिथे उभ्या उभ्या पुरतं उमगलं.

पण काच बदलत होती. पाण्यासारखं निर्मळ, बिनरंगाचं द्रावण उडत होतं आणि काचेवर पडताक्षणी पिवळसर होत होतं, मग तपकिरी, मग मातकट, मग काळं. जणू काच आतून पिकत चालली होती. सडक्या अंड्याचा वास असा सुटला की कॅन्टीनमधून आरोळी आली, "सर, अंडी कुठनं आणली हो?" मी हललो नाही. शेवटी समोर जे उरलं ते तव्याच्या बुडासारखं दिसत होतं. झळाळी नाही, गुलाबी नाही, काही नाही.

"हेच?" ती म्हणाली.

"हेच असावं," मी म्हटलं. आता मला कशाचीच खात्री देववत नव्हती.

कॉलेजच्या गच्चीवर गेलो. तिने कपात पाणी ओतलं, त्यात पेणच्या मिठागराचं जाडं मीठ टाकलं, आमच्याच घरातलं. पेन्सिलीचं शिसं सोडलं, काच सोडली, तारा लावल्या, आणि उन्हाच्या आड आपला तळवा धरून ठेवला. मग तळवा काढला.

काटा सरकला.

उडी नाही मारली त्याने. झोपेतून उठलेला माणूस कूस बदलतो तसा सरकला आणि तिथेच राहिला. तिने परत तळवा धरला. काटा खाली आला. काढला, वर गेला. मग एक ढग आला, वैशाखातला, रिकामा, आणि गच्चीवरून त्याची सावली जाईपर्यंत काटा सावकाश खाली उतरला आणि सावकाश वर चढला. काट्याला कोणी हलवत नव्हतं. त्या मळकट थरात तारेत असतं तेच तांबं, पत्र्यावर असतं तेच जस्त आणि रेडिओत असतं तेच कथील, गंधकाला धरून बसली होती, आणि कोट्यवधी मैलांवरून आलेलं ऊन त्यांना उठवत होतं. इतकी वर्षं मी हे फळ्यावर खडूने लिहीत आलो. खरं असतं, असं मला कधी वाटलंच नव्हतं. शिपाईही गच्चीवर आला होता. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती, देवळात काढतात तशी.

तिने मात्र मान वळवून विचारलं, "मघाशी मान का हलवली सर? मी मेले असते ना."

ती काळी काच कापसात गुंडाळून ती मुलाखतीला गेली. गॅल्व्हानोमीटरही नेला. दिवसभर मी घरात येरझारा घालत होतो. बायको म्हणाली, "फरशी झिजली तर तिलाही कल्हई करून आणा." संध्याकाळी फोन आला.

"सर, जागा दिली."

मी खुर्चीत बसलो. म्हणजे बसायला गेलो, खुर्ची जरा बाजूला होती. खालूनच विचारलं, "काच बघून काय म्हणाले?"

"आधी म्हणाले, कॅडमियम का नाय घेतलं, सोपं गेलं असतं. मी खेकड्यांचं सांगितलं. मग दिव्याखाली धरून बघितली. म्हणाले, थर सारखा नाय, डावीकडं जाड झालाय."

"मग?"

"मी म्हटलं, आमचे सर डावखुरे हायत."

तिचा बाप दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराला नाही म्हणून सांगून आला. मुलगी संस्थेत गेली, काच तिच्याबरोबर गेली. गॅल्व्हानोमीटर मात्र परत आला नाही, म्हणून काही दिवसांनी मी वाडीवर गेलो. तिची आई अंगणात उकिडवी बसली होती. समोर जर्मनच्या वाटीत मिठाचं पाणी, त्यात त्या दिवशी तडकलेल्या काचेचा तुकडा, मुलीने मागाहून फवारून काळा केलेला, आणि शेजारी आमचा गॅल्व्हानोमीटर. मुलीने जाण्याआधी सगळं जोडून दिलेलं. बाईने माझ्याकडे बघितलं नाही. तळवा वाटीवर धरला, काटा उतरला. तळवा काढला, काटा चढला. परत धरला.

"माझ्या हाताचं ऐकतंय," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. तिने वाटी माझ्याकडे सरकवली. मग ऊन पत्र्यावरून उतरेपर्यंत आम्ही दोघं आळीपाळीने हात धरत राहिलो.

गॅल्व्हानोमीटर मी तिथेच ठेवून आलो. कॉलेजात सांगितलं, माझ्या हातून फुटला. शिपायाने लगेच नोंदवहीत तसं लिहून टाकलं.